दशांश, ‘बीज’ आणि घरभाडं: चर्चमध्ये पैशासाठी दबाव आला तर काय करावं?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पिंपरीजवळ राहता. मिस्टर कंत्राटावर कामाला आहेत, हातात महिन्याला ३२,००० रुपये येतात आणि त्यातले ९,००० भाड्यात जातात. तीन वर्षांपासून तुम्ही एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये, म्हणजे कोणत्याही जुन्या चर्चशी न जोडलेल्या मंडळीत, जाता. तिथे दशांशाची, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाची, पाकिटं नाव घालून दिली जातात आणि महिनाअखेरीस कोणाचं पाकीट आलं, कोणाचं नाही, हे सर्वांसमोर वाचलं जातं. आता नव्या हॉलसाठी मिस्टरांनी उपासनेत उभं राहून ५०,००० रुपयांचं वचन दिलंय आणि त्यासाठी पर्सनल लोन बघतायत. त्यातच मुलाला दम्याचा त्रास सुरू झाला, तर पास्टर म्हणाले की देवाचा भाग अडवला की घरात शाप येतो. तुम्ही विचारलंत, दशांश न देणं पाप आहे का, आणि नाही म्हणायचं तर कसं?

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. नगरकडच्या एका जुन्या मराठी मंडळीत मी बरीच वर्षं खजिनदार होते आणि आजही काही ख्रिस्ती ट्रस्टचं लेखापरीक्षण करते. त्यामुळे दानाची थैली दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. घालणाऱ्याच्या बाजूनेही आणि उपासना संपल्यावर टेबलावर ती ओतून मोजणाऱ्याच्या बाजूनेही. मी धर्मशिक्षण घेतलेली पाळक नाही, पण ज्या वचनांचा आधार घेऊन पैसे मागितले जातात ती मी पुनःपुन्हा वाचलेली आहेत.

तुमचा प्रश्न दशांशाचा असला तरी तुमची अडचण दहा टक्क्यांची नाही, असं मला वाटतं. दहा टक्के आनंदाने देणारी कुटुंबं मला माहीत आहेत, वीस टक्के देणारीही आहेत, आणि त्यांच्यावर कोणताही दबाव नाही. तुमच्याकडे अडचण अशी आहे की ‘या महिन्यात जमणार नाही’ हे वाक्य उच्चारायला तुम्हाला भीती वाटते. नाव वाचलं जाईल, लोक बघतील, मुलाच्या आजारपणाचा दोष आपल्यावर येईल. ही भीती काढून घेतली तर तुम्ही किती द्याल, तेवढंच तुमचं खरं दान. एखाद्या मंडळीत दबाव आहे की नाही हे मला कोणी विचारलं, तर मी किती मागतात हे बघत नाही. नाही म्हणणाऱ्याचं पुढच्या रविवारी काय होतं, ते बघते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचे पास्टर लबाड आहेत असं मी इथून म्हणू शकत नाही. अनेक छोट्या फेलोशिपचे पास्टर स्वतः तंगीत असतात. हॉलचं भाडं, साउंडचे हप्ते, घरची तीन माणसं, आणि उत्पन्न फक्त दानाचं. मिशनच्या काळात आपल्याकडे पाळकाचा पगार बऱ्याच ठिकाणी परदेशातून यायचा. तो आधार गेल्यावर मंडळीनेच मंडळी चालवायची ही सवय लागायला पिढ्या गेल्या, आणि काही ठिकाणी अजून लागलेली नाही. शुभवर्तमान सांगणाऱ्याने त्यावर उदरनिर्वाह करावा, असं प्रेषित पौलच करिंथकरांना लिहितो. तेव्हा पाळकाला नीट पगार मिळालाच पाहिजे, या मताची मी आहे. पण गरज खरी असली म्हणून मागण्याची कोणतीही रीत योग्य ठरत नाही.

आता मलाखी, जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक. तिसऱ्या अध्यायातली ८ ते १० ही वचनं तुम्ही इतक्या वेळा ऐकली असतील की पाठ झाली असतील. देवाला ठकवणं, शाप, कोठारात आणलेला दशांश, उघडणारी आकाशकपाटं. त्याच अध्यायाचं ५ वं वचन तुमच्या फेलोशिपमध्ये कधी वाचलं गेलंय का, आठवून पाहा. मजुराची मजुरी अडवणारे, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणारे, परक्याचा हक्क बुडवणारे, यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहतो, असं तिथे आहे. आणि दुसऱ्या अध्यायातला शाप तर थेट याजकांना उद्देशून आहे. म्हणजे ज्या पुस्तकातून देणाऱ्याला धाक घातला जातो, ते पुस्तक घेणाऱ्यांचाही तितकाच कडक हिशेब मागतं.

शिवाय तो दशांश कसा होता? जुन्या करारातल्या नियमशास्त्रात तो धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा, गुराढोरांचा होता. त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १४ वा अध्याय उघडा. वर्षाच्या उत्पन्नाचा दशांश घेऊन देवाने नेमलेल्या ठिकाणी जायचं आणि तिथे आपल्या घरच्यांसोबत तो खायचा, आनंद करायचा. जागा लांब असेल तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे हवं ते घेऊन खायचं. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच साठवायचा. ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता ते मंदिरसेवा करणारे लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खावा म्हणून. तुमच्या परिस्थितीतलं घर, भाड्याची खोली आणि कंत्राटाची नोकरी, या व्यवस्थेत देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्या रांगेच्या जास्त जवळ आहे, हे मला तुम्हाला मनापासून सांगायचंय.

नव्या करारात मंडळ्यांना ठरावीक टक्का लावून दिलेला मला कुठे दिसत नाही. प्रभू येशू दशांशाचा उल्लेख करतो तो परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, सुनावताना, की पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. पौल २ करिंथच्या ९ व्या अध्यायात सांगतो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, देणं भाग पडतं म्हणून देऊ नये. त्याच्या आदल्या अध्यायात तो म्हणतो की माणसाजवळ जे आहे त्या मानाने दान मान्य होतं, जे नाही त्या मानाने नव्हे. दशांशाला शिस्त म्हणून मानणाऱ्यांचा मी आदर करते, आमच्या घरातही ती पद्धत आहे. पण शिस्त आपण स्वतःला लावतो. दुसऱ्याच्या पाकिटावर नाव घालून ती लावता येत नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर, नाही, या महिन्यात भाडं आणि औषधं भरून दशांश उरला नाही तर ते पाप नाही.

आणखी एक गोष्ट हमखास सांगितली जाते, दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची. मार्क १२ मध्ये ती आहे. तिच्या लगेच आधीच्या वचनांत येशू शास्त्र्यांविषयी सावध करतो, की हे विधवांची घरं गिळंकृत करतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. दोन्ही एकत्र वाचल्यावर मला तरी त्या बाईच्या दमड्या बघताना येशूच्या मनात नुसतं कौतुक असेल असं वाटत नाही. याच मार्कच्या ७ व्या अध्यायात ‘कुर्बान’चा प्रसंग आहे. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशू स्पष्ट म्हणतो की तुम्ही देवाचं वचन रद्द करता. घरच्या जबाबदारीआधी चर्चचं पाकीट, हा क्रम येशूने मान्य केलेला नाही.

मुलाच्या दम्याबद्दल मी जरा थांबून लिहिते, कारण तुमच्या प्रश्नातली ती ओळ वाचून मला फार वाईट वाटलं. जन्मांधाला पाहून शिष्यांनी योहान ९ मध्ये हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशूचं उत्तर आहे, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. हे वचन एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. पिंपरी-चिंचवडसारख्या पट्ट्यात धूळ, धूर, ओल, घरातला तसाच इतिहास, अशी कारणं डॉक्टर तुम्हाला सांगतील. इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, कोणीही कितीही प्रार्थना केली तरी. प्रार्थना जरूर करून घ्या, ती फुकट असते. आणि ‘इतकी रक्कम द्या, मूल बरं होईल’ असं कोणी म्हणालंच, तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हे माहीत असू द्या. तथाकथित चमत्काराच्या नावाने पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं, दहशतीखाली ठेवणं त्याच्या अनुसूचीत येतं, आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. पास्टरांच्या एका वाक्यावरून पोलीस ठाण्यात जा असं मी सुचवत नाही. बोलणं कोणत्या हद्दीपर्यंत गेलं की ते गंभीर होतं, एवढं कळावं म्हणून सांगितलं.

‘बीज पेरा, शंभरपट कापा’, म्हणजे आत्ता पैसे द्या, देव शंभरपट परत देईल, हे तुमच्याकडे चालतं, असंही तुम्ही लिहिलंय. ही भाषा आपल्या जुन्या मराठी मंडळ्यांची नाही. ती अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या प्रचारकांकडून आली, आणि तिचे सर्वांत मोठे प्रसारक ओरल रॉबर्ट्स. त्यांनी १९८७ मध्ये सांगितलं होतं की ठरावीक मुदतीत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला या जगातून नेईल. भक्तांनी पैसे पाठवले. दबाव कुठपर्यंत जाऊ शकतो याचं हे उदाहरण. शंभरपटीचं जे वचन दाखवलं जातं, मार्क १०:३०, त्यात शंभरपटीबरोबर छळही मिळेल असं लिहिलंय. तो शब्द गाळून ते वाचलं जातं.

आता ५०,००० चं वचन. हिशेब मांडू. १६ टक्के व्याजाने दोन वर्षांचं लोन घेतलं तर हप्ता साधारण २,४५० रुपये बसतो, म्हणजे एकूण ५८,००० च्या वर फेडावे लागतील. त्यात महिन्याचा दशांश ३,२०० धरा आणि भाडं ९,००० धरा. हातात १७,३५० उरतात. त्यात किराणा, गॅस, वीज, शाळा, येणंजाणं, औषधं. आणि नोकरी कंत्राटाची. पुढच्या कंत्राटात नाव आलं नाही तर बँक पास्टरांकडे जाणार नाही, तुमच्या दारात येईल. कर्ज काढून दान देऊ नये, हा माझा सल्ला मी परिस्थितीवर अवलंबून ठेवत नाही. आजवर ज्यांनी विचारलं त्या प्रत्येकाला हाच दिला आहे.

मिस्टर म्हणतील, देवापुढे शब्द दिलाय. ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायातलं वचनही काढून दाखवतील, की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. त्यांच्या मनातली ही टोचणी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. त्यांना लेवीय २७:८ वाचून दाखवा. नवस करणारा गरीब असेल आणि ठरलेलं मोल देऊ शकत नसेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं, असं नियमशास्त्रच सांगतं. म्हणजे कमी करून मागण्याची सोय देवानेच ठेवलीय. कायद्याच्या बाजूने पाहाल, तर मोबदल्याशिवाय दिलेलं देणगीचं नुसतं वचन सहसा कोर्टातून वसूल होत नाही. १९१४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेल्या ५०० रुपयांचा खटला आला होता, ते वसूल होऊ शकले नाहीत. याउलट १८८६ मध्ये कलकत्त्याला हावड्याच्या टाउन हॉलची १०० रुपयांची वर्गणी द्यावी लागली होती, कारण वर्गणीदारांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम देऊन झालं होतं. म्हणून माघार घ्यायची तर आत्ता घ्या, हॉलचं काम सुरू व्हायच्या आधी. त्यात पास्टरांचीही सोय आहे.

बोलायचं कसं? दोघांनी मिळून जा, उपासनेनंतरच्या गर्दीत नको, आठवड्यात एखाद्या दिवशी वेळ मागून. वचनांवर वाद घालू नका, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वचनं पाठ असतील आणि तुम्ही गोंधळून परत याल. पगाराचा आकडा, कर्ज, दवाखान्याचं बिल यांचा पाढाही वाचू नका, कारण प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे एक साक्ष तयार असेल. एवढंच म्हणा, ‘पास्टर, आम्ही दोघांनी प्रार्थना करून ठरवलंय. हॉलसाठी आम्ही ३,००० रुपये देऊ, वर्षभरात. दशांशाचं पाकीट आता नाव न घालता, जमेल तसं टाकू. आमच्यासाठी प्रार्थना करा.’ आकडा तुम्ही तुमचा ठरवा, शून्य असला तरी चालेल. त्यांनी पुन्हा समजावलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणा. मिस्टर एकटे गेले तर भावनेच्या भरात आणखी एक वचन देऊन येतील, अशी मला भीती वाटते. तुम्हीही सोबत असा.

त्याच वेळी किंवा थोड्या दिवसांनी एक साधी विनंती करा, गेल्या वर्षीचा जमाखर्च बघायला मिळेल का? ‘आपल्या मंडळीचा जमाखर्च’ असं म्हणा, आरोपाचा सूर येऊ देऊ नका. यातून मला बरंच कळतं. महाराष्ट्रात सार्वजनिक धार्मिक ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे व्हावी लागते, हिशेब ठेवावे लागतात आणि लेखापरीक्षण करून सादर करावे लागतात. तेव्हा विचारा, ट्रस्ट नोंदलेला आहे का, पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का, हॉलची जागा कोणाच्या नावावर घेतली जातेय. भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कोणाचं नाव येतं तेही बघा. ट्रस्टचं नाव आलं तर ठीक. पास्टरांचं किंवा त्यांच्या पत्नीचं आलं, तर तुमचं दान त्यांच्या खाजगी खात्यात जातंय, मग त्यांचा हेतू कितीही चांगला असो. नवीन छोट्या फेलोशिपची नोंदणी व्हायची असेल तर तसं स्पष्ट सांगता येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पौलानेसुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली रक्कम एकट्याने नेली नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं पाठवली, असं २ करिंथ ८ मध्ये आहे. प्रेषिताने स्वतःवर जे बंधन घालून घेतलं ते आजच्या पास्टरांनी नाकारायचं कारण मला दिसत नाही.

आमच्या मंडळीत आम्ही काय केलं ते सांगते. पूर्वी नावं आणि रकमा वाचल्या जायच्या. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांचा विरोध असूनही आम्ही ते बंद केलं. पाकिटावर नाव घालणं ऐच्छिक केलं. मोजणी दरवेळी वेगवेगळ्या घरांतल्या दोन माणसांनी करायची, दोघांच्या सह्या, आणि महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डवर, पाळकसाहेबांच्या पगारासकट. पहिले काही महिने दान घटलं. नंतर सावरलं, काही वर्षांत पूर्वीपेक्षा थोडं वाढलंही, पण मोठी वाढ झाली असं मी सांगणार नाही. फरक दुसरीकडे दिसला. वर्गणी थकल्यामुळे लाजेने येणं सोडलेली दोन-तीन घरं परत येऊ लागली. सुगीच्या सणाला जो लिलाव होतो, भोपळा, कोंबडी, अंडी, ज्वारीची पाटी, त्यात आधी बोली चढवायला नावं पुकारायचे, तेही थांबवलं. लिलाव अजून होतो आणि मजा येते.

जुन्या मंडळ्यांतल्या वाचकांनी हा प्रश्न फक्त नव्या फेलोशिपचा समजू नये. आपल्याकडे दबाव वेगळ्या वेळी येतो. लग्नाची चिठ्ठी हवी असते किंवा घरात माणूस गेलेला असतो, आणि तेव्हा थकलेल्या वर्गणीची वही उघडली जाते. दफनाच्या दिवशी वसुली करू नये. थकबाकी असेल तर महिन्याभराने घरी जाऊन बोलावं. वसई, गोव्याच्या कॅथलिक वाचकांसाठी एक माहिती. १९८३ च्या कॅनन कायद्याचं कलम ८४८ सांगतं की ठरवलेल्या अर्पणाखेरीज साक्रामेंतासाठी, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न यांसारख्या पवित्र विधींसाठी, धर्मगुरूने काही मागू नये, आणि गरिबीमुळे कोणी साक्रामेंताला वंचित राहणार नाही याची काळजी घ्यावी. पॅरिश ऑफिसमध्ये अडवणूक झाली तर हे कलम शांतपणे सांगता येतं.

पुन्हा तुमच्याकडे येते. बोलून आल्यावर दोन-तीन महिने बघा. पास्टर नेहमीसारखे भेटले, घरी प्रार्थनेला आले, मुलाची चौकशी केली, तर तुमच्या मंडळीत दोष पद्धतीचा आहे आणि तो सुधारू शकतो. तुमच्यासारखं बोलणारी आणखी चार घरं निघाली तर नाववाचन बंदही होईल. पण व्यासपीठावरून नाव न घेता तुमच्यावर संदेश झाला, मुलाला संडे स्कूलच्या कार्यक्रमातून वगळलं, लोकांना तुमच्याकडे जाऊ नका असं सांगितलं गेलं, तर दुसरी मंडळी शोधा. पुणे, पिंपरी, खडकी भागात मराठी उपासना होणारी जुनी चर्चेस आहेत, तिथे दोन-चार रविवार नुसते मागच्या बाकावर बसून या. मंडळी बदलली म्हणजे प्रभूला सोडलं, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

एक व्यावहारिक काम मात्र आधीच करा, पैशाचं बोलायला जाण्यापूर्वी. तुमच्या आणि मिस्टरांच्या बाप्तिस्म्याचे दाखले, मुलाच्या समर्पणाचा कागद, लग्न तिथे झालं असेल तर त्याचा दाखला, यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती मागून घरात ठेवा. संबंध बिघडल्यावर हे कागद मिळवताना लोकांना किती खेटे घालावे लागतात ते मी पाहिलंय. आजवर दिलेल्या दानाच्या पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट असतील तर तेही एका फाइलमध्ये लावा. आणि पर्सनल लोनच्या अर्जावर सही झाली नसेल, तर आज रात्रीच मिस्टरांशी बोला.